तीन किल्ल्यांची पेटी

'आपल्याला ही फाइल उघडण्याची परवानगी नाही.'

वासंती घाडीने हे वाक्य वाचलं आणि तिला हसू आलं. वाक्य तिनेच लिहिलेलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी, पुण्याच्या कचेरीत बसून, हातातला चहा निवायच्या आत. तेव्हा तिला ते मोठं सभ्य वाटलं होतं. 'आपल्याला' काय, 'परवानगी' काय. आता साठी उलटल्यावर तेच वाक्य तिच्याच पुढ्यात येऊन उभं राहिलं, तेव्हा तिला कळलं की दार लावून घेणारा कितीही गोड बोलला तरी दार ते दारच.

तिला हवं होतं आनंदीकाकीचं गाणं. नुसतं ऐकायला नको होतं, घरी न्यायला हवं होतं. आणि घाई होती, कारण वासंतीचे कान चालले होते.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते. तिच्यात केसांसारख्या बारीक तंतूंच्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. पातळ, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी दाराशी, खर्जातल्या आवाजांच्या पार आत. येणारा जाणारा प्रत्येक आवाज दाराशी बसलेल्यांना तुडवून जातो, म्हणून आधी झिजतात त्याच. वासंतीच्या आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिटी, मग सुनेचा आवाज. लोकांचं बोलणं आता चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटायचं आणि ती वाचून उत्तर द्यायची. अक्षरं यायला उशीर झाला की 'हो, हो' म्हणून वेळ मारून न्यायची. या 'हो, हो'च्या पायी तिने एकदा नको असलेला सोफा विकत घेतला होता.

डॉक्टर आगाशेबाईंनी उपाय सांगितला. शंखात एक तार सरकवायची. ती आवाजाची वीज करून थेट मज्जातंतूला पोचवते. पण तार आत गेली की त्या कानात उरलंसुरलं जे नैसर्गिक ऐकणं असेल ते बहुधा जातं. आणि नवा आवाज सुरुवातीला आवाज वाटतच नाही, पत्र्यावर कोणी खडी ओततंय असं वाटतं. त्यातून बोलणं आणि गाणं वेगळं काढायला मेंदूला शिकवावं लागतं.

"लहानपणापासून ओळखीचा एखादा आवाज असेल तर तो रोज ऐका," बाई म्हणाल्या. "जुनं पक्कं असलं की मेंदू नव्याची गाठ त्याला लवकर मारतो."

वासंतीला विचार करावा लागला नाही. तिची स्वतःची आई मितभाषी. घरात आवाज होता तो दगडी गडग्यापलीकडे राहणाऱ्या आनंदीकाकी राऊळचा. काकी भात पाखडता पाखडता गायची, सुपाच्या कडेवर बांगडीचा ठेका धरून, कायम भिंतीकडे तोंड करून. कोणी 'गा' म्हटलं की गप्प व्हायची. तिची लेक शेवंता आणि वासंती दाराआड लपून ऐकायच्या. गाणं साधंच होतं, वरच्या शेतात पिकलेल्या भाताचं, पाखरं खाऊन उरेल ते आपलं म्हणणारं:

*वयल्या कोपऱ्यात भात पिकला गो,*
*पाखरा इली तर येवंदेत गो,*
*खावन उरतला ता आपला गो.*

हे गाणं वासंतीच्या गावच्या, आंबेखोलच्या, कोणा हौशी पोराने भरून घेतलं आणि गावच्या बाकीच्या फिती, फोटोंसोबत आभाळातल्या साठवणीत ठेवून दिलं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ज्याच्याकडे लिंक त्याला सगळं खुलं. लिंक गावाच्या ग्रुपवरून मुंबईला गेली, मुंबईहून आखातात गेली आणि आणखी कुठे कुठे गेली ते ग्रामदेव रवळनाथालाच ठाऊक. वर्षभराने तालुक्याच्या दुकानात टीव्हीवर आनंदीकाकी गाताना ऐकू आली. भात शिजवायच्या यंत्राची जाहिरात. शब्द भलतेच, पण गळा तिचाच. आवाजाची नक्कल करणाऱ्या संगणकाने तो गळा काकीच्या गाण्यातून उचलला होता आणि त्याच्याकडून हवं ते म्हणवून घेतलं होतं. काकी आधी हसली. मग लोक येऊन 'काकी, तां भाताचा म्हणा' म्हणायला लागले. त्यानंतर ती गायली नाही. सूप पाखडायची, पण मुकाट्याने.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं गाव मग देवळात जमलं. वासंती तेव्हा संगणकातल्या फाइलींना कुलपं घालायचं काम करायची, म्हणून तिला पुण्याहून बोलावून घेतलं. कुलूप कसं हवं यावर फार खल झाला नाही, कारण नमुना समोरच होता. रवळनाथाच्या दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपं. एक किल्ली मानकऱ्यांकडे, एक गुरवाकडे, आणि तिसरी देवाच्या नावाने गाभाऱ्यात टांगलेली. तिन्ही एका वेळी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. वासंतीने तेच गणितात बसवलं.

गणित शाळेतलंच आहे. कागदावर दोन टिंबं काढली तर त्यांतून जाणारी वर्तुळं हवी तेवढी निघतात. तिसरं टिंब आलं की वर्तुळ एकच, आणि त्याचा मध्यबिंदूही एकच. फाइलचं गुपित ठेवलं त्या मध्यबिंदूत, आणि तीन टिंबं तिघांना वाटून टाकली. दोघांनी संगनमत केलं तरी तिसऱ्यावाचून हाती धुपाटणं. पहिलं टिंब घराचं, म्हणजे जिचं गाणं तिच्या वारसाचा आवाज. दुसरं गावाचं: गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो तेव्हा गाव एकमुखाने जे 'व्हय म्हाराजा' म्हणतं, त्यात पुरेसे वेगवेगळे गळे असले तरच ते चालायचं. आणि तिसरं देवाचं.

देवाचा आवाज कुठून आणायचा यावर वासंतीने शोधलेली युक्ती त्या वेळी फार वाखाणली गेली. प्रत्येक खोली आवाज आपापल्या पद्धतीने परत करते. विहिरीत हाक मारली तर एक, माजघरात मारली तर दुसरी. देवळात नारळ फोडला की तो कडकडाट भिंतींवरून, कौलांवरून, खांबांवरून परत येत येत विझतो, आणि ते विझणं माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखं त्या जागेचं एकट्याचं असतं. तेच देवाचं टिंब. जत्रेच्या दिवशी, पालखी निघायच्या आधी, दाजी गुरवाने नारळ फोडला आणि देवाची किल्ली नोंदली गेली. तेव्हापासून पेटीतलं काहीही बघायचं, ऐकायचं ते तिथेच, सगळ्यांसमक्ष. प्रत न्यायची तर वेगळी संमती, आणि तीही घराची. बाहेरून टिपायची सोय नाही, कारण अशा आवाजावर एक खूण असते आणि ती ओळखून कुठलाही फोन मुका होतो. आता तसा कायदाच आहे.

सगळं कसं चोख. फक्त बाहेर जगात काकीचा खोटा आवाज फुकट मिळत राहिला, आणि खरा कुलपात गेला.

*

आंबेखोलच्या देवळासमोर गाडीतून उतरल्यावर वासंतीला आधी वाटलं की आपण चुकीच्या गावी आलो. कौलं गेली होती, लाकडी खांब गेले होते. काळा गुळगुळीत ग्रॅनाइट, वर सिमेंटचा घुमट. तिने जीर्णोद्धाराला पैसे पाठवले होते, पण बघायला आली नव्हती. दर्शनी भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाटीत तिचंही नाव होतं: श्रीमती वासंती घाडी, पुणे. ते वाचतानाच तिच्या ध्यानात आलं. देवाचं टिंब जुन्या देवळाचं होतं, आणि ते पाडायला तिने स्वतः हातभार लावला होता.

शेवंता अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने मान वर केली, 'ये' म्हटलं नाही आणि 'बस' असंही म्हटलं नाही. वासंती आपण होऊन पायरीवर बसली, आणि कान, तार, डॉक्टर, गाणं, सगळं सांगून मोकळी झाली. प्रत लागेल हेही सांगितलं. शेवंता काय बोलतेय ते चष्म्यात दिसेना. चष्म्याला मालवणी येत नव्हती. वासंतीने तो काढून पदरात ठेवला आणि ती उठून अगदी जवळ गेली. शेवंताचा आवाज जाड, म्हणून तो अजून पोचत होता.

"माझ्या आवशीक तू कुलपात घातलंस," शेवंता आईबद्दल म्हणाली. "तेव्हा बरा वाटला माका. ती गेली, देवळाचा काम झाला, आणि पेटी उघडना. तुका फोन केलंय तर तू काय धाडलंस? चार ओळींचा पत्र."

पत्र वासंतीला आठवलं. देवाची किल्ली नव्याने नोंदवता येईल, परंतु त्यासाठी प्रथम पेटी उघडणे आवश्यक आहे. म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. हे लिहिताना तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आणि शेळी कुणाची आई आहे ते विसरली होती.

"माझ्याच आवशीचो आवाज आयकूची परवानगी माका नाय, असा त्या फोनार लिवलेला येता," शेवंता सोलं उलटत म्हणाली. "दर सणाक मी ता वाचतंय. पाठ झाला आसा. आणि आता तुका व्हया झाला तेव्हा तू चलान इलंस."

वासंतीला रडू आलं ते कानांसाठी नव्हे. आपण लिहिलेलं ते सभ्य वाक्य इथे, या अंगणात, दर सणाला वाचलं गेलं याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. "शेवंता, प्रत देवक तू 'नाय' म्हण," ती म्हणाली. "पण पेटी उघडूक दी. तुझ्यासाठी."

शेवंताने सुपातलं शेवटचं सोल पसरलं आणि आत जाऊन चहा टाकला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी गुरवाने सभामंडपात नारळ फोडला. दाजी आता चांगलाच थकला होता, पण नारळ अजून एका फटक्यात दोन करायचा. पेटीचं यंत्र गाभाऱ्याच्या बाजूला कोनाड्यात होतं. त्यावर अक्षरं आली: 'जागा ओळखता आली नाही.' येणार कशी? ग्रॅनाइटवर आवाज ठरतच नाही, चेंडूसारखा उड्या मारत राहतो. दाजीने आणखी दोन नारळ फोडले, आणि मग प्रसादाला एवढं खोबरं पुरे म्हणून थांबला.

वासंती खांबाला टेकून बसली. तिने जुनी नोंद यंत्रातून काढून पाहिली. वक्ररेषा होती, आवाज किती वेळात किती विझला त्याची. ती बघताना तिच्या लक्षात आलं की जुन्या देवळातही आवाज इतक्या लवकर विझायचा नाही. कौलं होती, लाकूड होतं, तरी इतक्या लवकर नाही. आवाज कशाने तरी गिळला होता. मग तिला तो जत्रेचा दिवस डोळ्यांसमोर दिसला. मंडपात मुंगीला वाट नव्हती. बाया पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या, बापये दाराबाहेरपर्यंत उभे, शाली, लुगडी, टोप्या. माणसाचं अंग आवाज शोषून घेतं. तिने नोंदली होती ती जागा रिकामी नव्हतीच. देवाच्या किल्लीत तिने नकळत सगळं गाव घातलं होतं, आणि इतकी वर्षं रिकाम्या देवळात नारळ फुटत होते.

जत्रा चार दिवसांवर होती. मुंबईची माणसं यायचीच होती. पण ग्रॅनाइट होतं ना. माणसं कितीही बसली तरी भिंती नागड्याच. दाजी म्हणाला की देवाला पांघरूण घालावं लागेल, आणि स्वतःच हसला. वासंती हसली नाही, कारण ते खरंच होतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी घराघरांतून वाकळी आल्या. जुन्या लुगड्यांच्या, जाड, शिवून शिवून दगडासारख्या झालेल्या गोधड्या. पोरांनी त्या दोऱ्यांवर टांगल्या, भिंती झाकल्या, घुमटाखाली मांडवासारख्या ताणल्या. कोणाच्या वाकळीवर शाईचे डाग, कोणाची उंदराने कुरतडलेली. मुंबईहून आलेल्या सुना नाकाला पदर लावत होत्या, आणि म्हाताऱ्या 'ही माझ्या सासूची' म्हणून दाखवत होत्या. माणसं बसली, दाटीवाटीने. वासंती टाळ्या वाजवत फिरत होती आणि यंत्रावरची रेषा बघत होती. इथे एक आणखी टांगा, त्या दोघांनी पुढे या. रेषा जुन्या रेषेच्या जवळ सरकत होती, पण बसत नव्हती.

मग शेवंता आली. काखेत वाकळ होती, काकीची, हिरव्या लुगड्याची. तिने ती कोणाला दिली नाही. स्वतःच गाभाऱ्यासमोरच्या उघड्या भिंतीवर टांगली आणि खाली बसली.

दाजीने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत. आनंदीचो आवाज तुझ्या पेटयेत आसा, तो लेकरांका आयकव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. नारळ फुटला. शेवंताने आईचं नाव घेतलं, मग आपलं.

तिन्ही टिंबं जुळली. सुपाच्या कडेवर बांगडी वाजली, आणि आनंदीकाकी गायला लागली.

शेवंताने तोंडावर पदर घेतला. मंडपात म्हाताऱ्या ओठ हलवत होत्या. वासंती यंत्राच्या भोंग्याच्या अगदी पुढे बसली होती, डोळे मिटून, कानामागे हात धरून. ठेका येत होता. मधे मधे खालचा एखादा सूर येत होता, काकीचा खोकलाही आला. पण गाणं वर गेलं, पाखरं आली तिथे, की सगळं पुसलं जायचं. इतक्या लांबून ती जे ऐकायला आली होती ते तिच्या कानांच्या पलीकडे केव्हाच गेलं होतं. आजूबाजूला दीडेकशे माणसं ते ऐकत होती आणि ती एकटी जणू दाराबाहेर होती.

गाणं संपलं. यंत्राने रिवाजाप्रमाणे विचारलं: 'वासंती घाडी यांना प्रत हवी आहे. घराची संमती?' सगळ्यांनी शेवंताकडे पाहिलं. तिने डोळे पुसले.

"नाय," ती म्हणाली.

दाजी काही बोलणार होता, पण शेवंता उठून वासंतीसमोर येऊन बसली आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

"आवस एकदा लिंकेवरसून गेली ती परत इली नाय. आता तुझ्याबरोबर धाडूची नाय. तू नेलंस काय तूय परत येवची नाय, माका ठावक आसा. कान नवो घे, आणि हय ये."

"आणि नव्या कानानं नाय कळला तर?"

"तर मी आसंय मा."

वासंतीला राग आला. खरा राग, अगदी पालखी उठेपर्यंत टिकलेला. डॉक्टर 'रोज ऐका' म्हणाल्या होत्या आणि ही वर्षातून एकदा म्हणते. पण रात्री पालखीमागून चालताना शेवंताने तिचा हात धरला होता, अंधारात तिला हाक ऐकू यायची नाही म्हणून, आणि तो हात तिने घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

जत्रेच्या दिवशी पेटी उघडी होती तेवढ्यात वासंतीने देवाची किल्ली नव्या देवळासाठी पुन्हा नोंदवली होती, पण मुद्दाम वाकळी आणि माणसांसकटच. निघायच्या दिवशी तिने ते सभ्य वाक्य उघडलं आणि शेवंताला विचारलं की इथे काय लिहू. शेवंताने फार विचार केला नाही. आता एकट्याने कोणी पेटी उघडायला गेलं की अक्षरं येतात: 'जत्रेक येवा. सगळी जमल्यार उघडता.'

*

तार बसली. पुण्यातलं ते वर्ष वासंतीने पत्र्यावर ओतल्या जाणाऱ्या खडीत काढलं. बातम्या देणारा माणूस आणि मिक्सर यांत फरक कळायला तिला उन्हाळा गेला. शेवंता दर आठवड्याला फोन करायची, तेच तेच बोलायची. आज सोलं घातली, मांजर व्याली, दाजीचा गुडघा. शब्द हळूहळू सुटे व्हायला लागले. पण गाणं म्हणजे नुसता कल्लोळ. डॉक्टर म्हणाल्या, गाणं सगळ्यांत शेवटी येतं, काहींना येत नाही.

जत्रेला ती गेली. वाकळी टांगलेल्या होत्या, या वेळी तिने न सांगता. गर्दी गेल्या वर्षीपेक्षा जास्त. ते वाक्य कितीकांनी वाचलं होतं आणि ते आले होते. शेवंताने तिला आपल्याजवळ बसवलं. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, पेटी उघडली. खडी. वरून खाली नुसती खडी. त्यात शेवंताने वासंतीचा तळहात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बोटाने ठेका धरला, काकी सुपावर धरायची तसा. कुठेतरी, मधेच, खडीतून बांगडी वाजली. ठेक्यावर बरोब्बर. मग पुन्हा सगळं बुडालं आणि गाणं संपलं.

"आयकलंस?" शेवंताने विचारलं.

सगळे बघत होते. वासंतीच्या तोंडावर 'हो, हो' आलंच होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

"नाय," ती म्हणाली. "बांगडी तेवढी आयकलंय. परत लाव."

पेटीचा नियम तिनेच केलेला: दर खेपेला गावाला पुन्हा विचारायचं. दाजी कुरकुरला की पालखीला उशीर होतोय आणि नारळ काय झाडाला लागतात. मग आपल्याच बोलण्यावर हसून त्याने दुसरा नारळ उचलला आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू केलं.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

हे मात्र तिला ऐकू आलं. खडीतून, तारेतून, जाडजूड, जुनंच. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ऐकलं होतं तेच. काय म्हणताहेत ते तिला कोणी सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या मागून, थोडी उशिरा, वासंती एकटीच 'व्हय म्हाराजा' म्हणाली, आणि शेवंताने तिच्या तळहातावर पुन्हा ठेका धरला.